छोटी चार्टर मिडल स्कूल: निकालाचे आकडे कसे वाचायचे?

सायली_ऑस्टिन | ३ मार्च, रात्री १०:४०
नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली झाल्यामुळे जूनमध्ये आम्ही ऑस्टिनहून सॅन होजेला येतोय. लेक ऑगस्टमध्ये सहावीत जाईल. आम्हाला परवडेल असं घर शहराच्या पूर्व भागात मिळतंय. त्या पत्त्याला लागणारी डिस्ट्रिक्टची (म्हणजे स्थानिक सरकारी शाळा-मंडळाची) मिडल स्कूल बरीच मोठी आहे. घरापासून चालत दहा मिनिटांवर एक छोटी चार्टर मिडल स्कूलही आहे. सहावी, सातवी, आठवी मिळून पट १४० च्या आत.

दोन रात्री या चार्टरचे आकडे घेऊन बसलेय. सहावीच्या गणितात राज्याने ठरवलेल्या मानकाला पोचलेली किंवा पुढे गेलेली मुलं आधीच्या वर्षीच्या निकालात ५८ टक्के होती, ताज्या निकालात ४४. पटावर दहातली आठ मुलं लॅटिनो आहेत, बाकी थोडी व्हिएतनामी, थोडी फिलिपिनो. 'एशियन' या ओळीत निकालाच्या जागी नुसती चांदणी आहे. नवरा म्हणतो, एका वर्षात चौदा टक्के घसरलेली शाळा नको. माझं मन मात्र तिकडे ओढ घेतंय, कारण लेक बुजरी आहे. मोठ्या शाळेत महिनामहिना तिचा आवाज कोणाच्या कानावर पडणार नाही अशी भीती वाटते.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे आकडे वाचायचे कसे? आणि वर्गात आपल्यासारखं दुसरं कोणी नसेल तर मुलीला ते जड जातं का?

भूमितीचा_तास | ३ मार्च, रात्री ११:२५
सायलीताई, टक्के बाजूला ठेवा आणि आधी मुलं मोजा. एवढ्या पटाच्या शाळेत सहावीला साधारण ४५ मुलं असणार. ४५ पैकी २६ पोचली की होतात ५८ टक्के, २० पोचली की ४४. म्हणजे तुमच्या घरात ज्यावरून वाद चाललाय ती सहा मुलं आहेत. नाणं ४५ वेळा उडवून छाप एकदा २६ वेळा आला आणि पुढच्या खेपेला २० वेळा, तर आपण नाण्याला दोष देत नाही.

दुसरं म्हणजे यात कोणी घसरलेलंच नाही. आधीच्या निकालातली सहावी ताज्या निकालात सातवीत बसते. ताज्या निकालातली सहावी म्हणजे वेगळी मुलं, वेगवेगळ्या प्राथमिक शाळांतून आलेली. वसंतात परीक्षा होते तेव्हा त्यांना या शाळेत जेमतेम आठ महिने झालेले असतात. त्यांच्या गणितात आधीच्या सहा वर्षांचा वाटा कितीतरी मोठा. शाळेचं काम बघायचं असेल तर आधीच्या निकालातल्या सहावीशेजारी ताज्या निकालातली सातवी ठेवा.

हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने २००७ साली पेनसिल्व्हेनियातल्या शाळांचे आकडे घेऊन एक गोष्ट दाखवली होती. गुणवत्ता यादीच्या वरच्या टोकाला छोट्या शाळा अपेक्षेपेक्षा जास्त होत्या, आणि तळालाही जास्तच होत्या. पट लहान असला की निकाल दोन्ही बाजूंना जोरात झुलतो, एवढंच त्याचं कारण. त्या काळात गेट्स फाउंडेशनसारख्या संस्था छोट्या शाळांवर प्रचंड पैसा लावत होत्या. वरच्या टोकाकडे बघणारे खूप होते, तळाकडे फार थोडे.

वरणभात_लिंबू | ४ मार्च, सकाळी ७:१०
नागपुरात बसून वाचतोय. चार्टर शाळा म्हणजे खाजगी का? फी किती पडते?

फळ्यावरची_बाई | ४ मार्च, सकाळी ९:०५
फी अजिबात नाही. चार्टर शाळा सार्वजनिकच असते, पैसा सरकारचा. चालवणारी संस्था मात्र वेगळी. ती संस्था डिस्ट्रिक्टशी किंवा काउंटीशी (आपल्या जिल्ह्यासारखी) करार करते, आम्ही असं असं शिकवू, एवढा निकाल देऊ. तो करार म्हणजे चार्टर, सनद म्हणा हवं तर. पहिला कायदा मिनेसोटाचा, १९९१. पहिली शाळा तिथेच सेंट पॉलमध्ये १९९२ साली सुरू झाली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला, तो देशातला दुसरा. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढावी लागते, परीक्षा घेऊन मुलं निवडता येत नाहीत.

मी बे एरियात डिस्ट्रिक्टच्या शाळेत शिकवते. तेव्हा माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून ठेवते.

वरणभात_लिंबू | ४ मार्च, सकाळी ९:४०
म्हणजे आपल्या अनुदानित शाळेसारखंच की. पगार सरकारचा, कारभार संस्थेचा. आणि सोडत म्हणजे आरटीईच्या २५ टक्क्यांसारखी.

फळ्यावरची_बाई | ४ मार्च, दुपारी १२:३०
जवळपास तसंच, पण दोन फरक मोठे आहेत. आपल्याकडे खाजगी शाळेतल्या शिक्षकाच्या नोकरीला १९७७ च्या कायद्याचं संरक्षण आहे. इथल्या बऱ्याच चार्टरमध्ये युनियन नसते, दरवर्षी नवा करार होतो आणि शिक्षक पटापट बदलतात. दुसरा फरक सनदेच्या मुदतीचा. सहसा पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. कॅलिफोर्नियात २०१९ च्या कायद्यानंतर राज्याच्या डॅशबोर्डवरच्या (शाळांच्या कामगिरीचा सरकारी ऑनलाइन तक्ता) कामगिरीप्रमाणे शाळांचे तीन गट पडतात. वरच्या गटाला सात वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. खालच्या गटाला सहसा नकारच, आणि मिळालीच तर दोन वर्षं. म्हणून सायली, शाळेची सनद कधी संपतेय ते नक्की विचार. मुलगी सातवीत असताना शाळेवर गंडांतर यायला नको.

कोकणरेल्वे | ४ मार्च, दुपारी १:१५
आमचा अनुभव वाईट. गाव आणि शाळा सांगत नाही. छोटी चार्टर, सगळे एकमेकांना ओळखतात, मुख्याध्यापक दारात उभे राहून प्रत्येक मुलाशी हात मिळवतात. आम्ही भारावून गेलो होतो. मग सातवीत गणिताचे तीन शिक्षक बदलले. मधले सात आठवडे रोज नवा बदली शिक्षक. मोठ्या शाळेत एक शिक्षक गेला तर त्याच इयत्तेला गणित शिकवणारे आणखी दोघंतिघं असतात. इथे गणिताचा शिक्षक म्हणजे तोच एक, तो गेला की वर्षाचं गणित गेलं. बँड नाही, मैदान नाही, पीई पार्किंगमध्ये. मुलगा आठवीला परत डिस्ट्रिक्टच्या शाळेत घातला. तिथे त्याला ट्रम्पेट मिळाला आणि मूल पुन्हा हसायला लागलं. छोटं म्हणजे मायेचं, हे गृहीत धरू नका.

संयुक्ता_फ्रीमाँट | ४ मार्च, रात्री ९:५०
चांदणीबद्दल सांगते. परीक्षा दिलेली मुलं दहा किंवा त्याहून कमी असली की कॅलिफोर्नियात त्या गटाचा निकाल जाहीर करत नाहीत, कोणाचे मार्क ते ओळखू येईल म्हणून. तिथे चांदणी टाकतात. आपल्या लहानपणी वहीवर चांदणी मिळाली की दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरायचो. तुमची लेक त्या शाळेत गेली तर तीही त्या चांदणीतच असेल.

डॅशबोर्डचं गणित थोडं वेगळं. गटात ३० मुलं असली तरच रंग मिळतो, लाल ते निळा असे पाच. ११ ते २९ असतील तर आकडा दिसतो, रंग नसतो. १४० च्या शाळेत बहुतेक गट बिनरंगी राहतात. म्हणून 'या शाळेत आपली मुलं कशी करतात' हे संगणकावरून कळणारच नाही.

आणि 'एशियन' या शब्दावर विसंबू नका. त्यात व्हिएतनाममधून बोटीने निर्वासित म्हणून आलेल्या आजीआजोबांची नातवंडं आहेत आणि एच-वनबी व्हिसावर आलेल्यांची मुलंही. फिलिपिनो मुलांसाठी कॅलिफोर्नियात स्वतंत्र ओळ असते. आपल्यासाठी नाही.

डोंगरवाटा | ५ मार्च, सकाळी ८:२०
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मुलीचं भविष्य महत्त्वाचं असेल तर थोडं जास्त भाडं भरा आणि फ्रीमाँट किंवा क्युपर्टिनोला राहा. तिथले आकडे बघा आणि हे बघा. संगत महत्त्वाची असते.

पाटी_पेन्सिल | ५ मार्च, सकाळी ८:५५
राग नाही, पण हे पटत नाही. मी अशाच शाळेत वाढले. आठवीपर्यंत वर्गात भारतीय मी एकटी. बाबा लिकर स्टोअरमध्ये काम करायचे. माझी संगत म्हणजे रात्री ऑफिसं झाडणाऱ्या आणि सकाळी मुलांना शाळेत सोडायला येणाऱ्या आयांची मुलं. त्यांच्या घरी बसून मी अपूर्णांक शिकले आणि आमच्या घरी बसून ती. वर्गात मोठ्याने बोलायला मी त्याच शाळेत शिकले, कारण तिथे गप्प बसलेलं मूल बाईंच्या लक्षात यायचं. ज्या शाळेच्या आकड्यावर तुम्ही फुली मारताय त्या आकड्यात मी होते.

जड गेलं का? दिवाळीत गेलं. शाळेत कोणालाच ठाऊक नसायचं. मग सहावीत बाईंनी मला पणती आणायला सांगितली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमच्या वर्गात मेक्सिकन लोकांच्या 'मृतांच्या दिवसा'ची मांडणी असायची, झेंडूची फुलं, फोटो, गोड ब्रेड. झेंडू बघून आई दारातच थबकली. पुढच्या वर्षी ती तोरण करून घेऊन आली.

डोंगरवाटा | ५ मार्च, सकाळी ९:३०
तुमचा अनुभव वाचून बरं वाटलं. माझा मुद्दा आकड्यांपुरता होता. तरी 'संगत' हा शब्द मी घाईत लिहिला, तो मागे घेतो.

बॉस्टन_बुवा | ५ मार्च, रात्री ८:१०
आकड्यांपुरतंच म्हणाल तर ५८ किंवा ४४ टक्क्यांतून शाळा कळत नाही, शाळेत कोण आलं ते कळतं. संशोधकांपुढेही हीच अडचण असते. चार्टरला अर्ज करणारे पालक आधीच जास्त धडपडे असतील तर निकालाचं श्रेय शाळेचं की घराचं? सोडतीने ही गाठ सोडवली. सोडतीत नंबर लागलेली आणि न लागलेली, दोन्ही मुलं अर्ज करणाऱ्या घरांतलीच. एमआयटीचे जोशुआ अँग्रिस्ट आणि पराग पाठक यांनी सहकाऱ्यांबरोबर बॉस्टनमध्ये अशी तुलना केली. तिथल्या चार्टर मिडल स्कूलमध्ये गणितात मोठी वाढ दिसली. अँग्रिस्ट यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशा नैसर्गिक प्रयोगांतून कार्यकारणभाव ओळखण्याच्या पद्धतीसाठी.

पण बॉस्टन म्हणजे सगळा देश नव्हे. स्टॅनफर्डच्या क्रेडो केंद्राच्या २००९ च्या अहवालात गणितात १७ टक्के चार्टर शाळा शेजारच्या शाळांपेक्षा सरस होत्या, ३७ टक्के कमी पडल्या, बाकीच्यांत फरक नव्हता. त्यांच्याच २०२३ च्या अहवालात चार्टरची सरासरी थोडी पुढे आली, वर्षाला वाचनात १६ आणि गणितात ६ दिवसांच्या शिकण्याएवढी. त्यातही फायदा जास्त दिसला तो गरीब घरांतल्या काळ्या आणि लॅटिनो मुलांना. आणि ज्या बॉस्टनमध्ये एवढे चांगले निकाल आले, त्याच मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१६ मध्ये चार्टरची संख्या वाढवायचा प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला. मी तेव्हा बाजूने मत दिलं होतं, शेजारीण विरुद्ध. तिचा मुलगा डिस्ट्रिक्टच्या शाळेत होता आणि तिथल्या वाचनालयाच्या बाईंची नोकरी जाईल अशी तिला धास्ती होती. तिचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही.

फळ्यावरची_बाई | ५ मार्च, रात्री ९:४५
ती धास्ती मी रोज जगते. मूल गेलं की त्याच्यामागे पैसाही जातो. पण पाच मुलं पाच वेगवेगळ्या वर्गांतून गेली तर माझा एकही वर्ग कमी होत नाही, बस तीच, वीजबिल तेच.

सायली, टक्केवारीत न दिसणारी आणखी एक गोष्ट, मधेच गेलेली मुलं. सहावीत ५० होती आणि आठवीत ३८ उरली तर टक्का आपोआप चढतो, कारण बहुतेक वेळा आधी धडपडणारी मुलं सोडून जातात. रिकाम्या जागा सातवी-आठवीत भरतात का, हेही विचार. आयईपी (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी आखलेली शिक्षणाची योजना) असलेली मुलं किती आणि त्यांना मदत कोण करतं? चार्टर असली तरी विशेष शिक्षणाचा कायदा तिलाही लागू आहे. काही शाळा फार प्रेमाने 'तुमच्या मुलाला इथे नीट जमणार नाही' असं सांगतात आणि ते मूल माझ्या वर्गात येतं. अशी मुलं मी पाहिली आहेत. चेहऱ्यावर पराभव घेऊन येतात हो, अकराव्या वर्षी.

भूमितीचा_तास | ५ मार्च, रात्री १०:२०
अगदी बरोबर. त्याला जोडून एक. टक्का फक्त रेषा ओलांडणारी मुलं मोजतो. रेषेच्या फार खाली असलेलं मूल वर्षभरात रेषेच्या तोंडाशी आलं तरी टक्क्यात शून्य फरक पडतो. डॅशबोर्डवर 'मानकापासूनचं अंतर' म्हणजे सरासरी किती गुण वर किंवा खाली ते देतात. त्यात या मुलाचे कष्ट दिसतात. छोट्या शाळेसाठी तो आकडा बघा, आणि तीन-चार वर्षांचा एकत्र बघा.

संयुक्ता_फ्रीमाँट | ६ मार्च, सकाळी १०:००
थोडं विषयांतर, पण तुम्हाला उपयोगी पडेल. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म देतील. आम्ही मुलाच्या बालवाडीच्या वेळी खरं ते लिहिलं, मराठी. लगेच त्याची एल्पॅक, म्हणजे इंग्रजी किती येतं ते बघणारी राज्याची परीक्षा घेतली आणि पोरगं 'इंग्लिश लर्नर' ठरलं. इथेच जन्मलेलं मूल! दरवर्षी परीक्षा, तिसरीत शिक्का निघाला. नणंदेने तिच्या मुलाच्या वेळी सरळ 'इंग्रजी' लिहून टाकलं.

डोंगरवाटा | ६ मार्च, सकाळी १०:३०
आम्हीही इंग्रजीच लिहिलं. उगाच शिक्का कशाला?

फळ्यावरची_बाई | ६ मार्च, दुपारी १२:४०
असं करू नका, मनापासून सांगते. घरात मराठी बोलता तर मराठीच लिहा. इंग्रजी शिकायला मिळणारी मदत मुलाच्या हक्काची आहे. आणि २०१३ पासून कॅलिफोर्नियात शाळेचा पैसा याच नोंदींवर ठरतो. इंग्रजी शिकणारी, कमी उत्पन्नाच्या घरची आणि फॉस्टर केअरमधली (आईबापांपासून दूर, सरकारच्या देखरेखीत वाढणारी) मुलं, यातल्या प्रत्येकामागे मूळ रकमेच्या २० टक्के जास्त मिळतात. अशी मुलं ५५ टक्क्यांच्या वर गेली की आणखी भर पडते. २०२२ पासून जेवण सगळ्यांना फुकट झालं, त्यामुळे उत्पन्नाचा फॉर्म भरायचा पालक विसरतात आणि गरीब वस्तीतली शाळा कागदावर कमी गरीब दिसू लागते. तोही फॉर्म भरा, तुमचं उत्पन्न कितीही असो.

इंग्लिश लर्नरची ओळ वाचताना एक ध्यानात ठेवा, इंग्रजी चांगलं आलेलं मूल त्या गटातून बाहेर पडतं. उरलेल्यांचा निकाल कमीच दिसणार. शिक्का निघालेल्या मुलांची वेगळी ओळ असते, दोन्ही शेजारी ठेवून वाचा. माझ्या अनुभवात चांगल्या शाळेतली ही दुसरी ओळ सगळ्या शाळेच्या सरासरीच्या वर असते.

कोकणरेल्वे | ६ मार्च, रात्री ८:००
आणि एखादा वर्ग बघा. नुसती टूर नको, टूरमध्ये आम्हाला भिंती दाखवल्या.

सायली_ऑस्टिन | १६ एप्रिल, रात्री ११:१५
मंडळी, घर बघायला सॅन होजेला जाऊन आले. तुमच्या सगळ्यांच्या सूचना कागदावर लिहून नेल्या होत्या. मुख्याध्यापिकाबाईंनी सहावीच्या गणिताच्या तासाला पूर्ण वेळ बसू दिलं. गुणोत्तर चाललं होतं. एका मुलीला येईना, तर शेजारच्या मुलाने आधी स्पॅनिशमध्ये समजावलं, मग तिच्याकडून तेच इंग्रजीत वदवून घेतलं. बाई मागे उभ्या राहून ऐकत होत्या, मधे पडल्या नाहीत.

मागच्या वर्षीची सातवी ४७ मुलांची होती, त्यातली ४४ आठवीत आहेत. तिघं कुठे गेली हे बाईंना न बघता सांगता आलं. दोन कुटुंबं भाडं परवडेना म्हणून मोडेस्टोकडे गेली. एका मुलाला जी खास मदत हवी होती ती त्यांच्याकडे नव्हती, तो डिस्ट्रिक्टकडे परत गेला. हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. दोन जागा सातवीत भरल्या आहेत. सनदेची अजून चार वर्षं बाकी आहेत. गणिताच्या बाई सहा वर्षं तिथेच आहेत, विज्ञानाला मात्र यंदा नवे शिक्षक. बँड नाही, गायन आहे.

भूमितीकाका, आधीच्या निकालातली सहावी ताज्या निकालात सातवीत ६१ टक्क्यांवर आहे.

भूमितीचा_तास | १७ एप्रिल, सकाळी ६:५०
५८ वरून ६१ म्हणजे एक-दोन मुलं. तेव्हा घसरणीला भ्यायचं नव्हतं, आता वाढीवर हुरळायचं नाही. मानकापासूनचं अंतर काय म्हणतं?

सायली_ऑस्टिन | १७ एप्रिल, सकाळी ८:१५
गेली तीन वर्षं दरवर्षी थोडं थोडं कमी होतंय. शाळा मानकाच्या अजून खालीच आहे, पण रेषेच्या दिशेने येतेय.

भूमितीचा_तास | १७ एप्रिल, सकाळी ८:३०
हा आकडा मला आवडला.

पाटी_पेन्सिल | १७ एप्रिल, सकाळी ९:००
न बघता तिघांचं सांगितलं ना? मग बास.

फळ्यावरची_बाई | १७ एप्रिल, दुपारी १२:३५
डिस्ट्रिक्टच्या शाळेतही बसून ये ग एकदा. तिथेही अशा बाई असतील.

सायली_ऑस्टिन | १७ एप्रिल, रात्री १०:०५
गेले होते ताई, दुसऱ्याच दिवशी. सहावीची एक बाई खूप आवडली. पण लेक त्यांच्याच वर्गात जाईल हे कोणी सांगू शकत नव्हतं. तरी तिथली जागा सोडलेली नाही, कारण चार्टरच्या सोडतीची मुदत केव्हाच गेली होती. आम्ही प्रतीक्षा यादीत अकरावे आहोत.

सायली_ऑस्टिन | २८ मे, सायंकाळी ६:२०
फोन आला! जागा मिळाली. नवऱ्याला सहा मुलांचं गणित पटलं होतंच, लेकीला तिथल्या मुलीने 'माझ्याशेजारी बस' म्हणून पाठवलेली चिठ्ठी पुरली. आज सगळे फॉर्म भरले. उत्पन्नाचाही. घरची भाषा मराठी.

संयुक्ता_फ्रीमाँट | २८ मे, रात्री ९:३०
अभिनंदन! प्रवेशानंतर ३० दिवसांच्या आत पहिली एल्पॅक घेतात, ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं चारही. बोलण्याची परीक्षा एकेकट्या मुलाची होते. लेक बुजरी आहे म्हणालात, तर तिला आधी सांगून ठेवा की समोरची बाई अनोळखी असेल आणि उत्तर थोडं मोठ्याने द्यायचं. घरी दोन-चारदा चित्र दाखवून बोलतं करा.